सेहेचाळीस कुल्हडांमधला गहू

८ जुलै, सोमवार

उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागायची तेही नीट कळत नाही, म्हणून वहीचीच मागतो. माझ्या नातवानं, अंशुलनं, एक जानेवारीला ही वही हातात देऊन सांगितलं होतं, "आजोबा, रोज जे वाटेल ते लिहा, टेन्शन कमी होतं." तेव्हापासून ती टीव्हीखाली पडून होती. पहिल्या पानावर वनमालेनं मेथीच्या लाडवांची कृती उतरवून घेतली आहे आणि ते पान फाडायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. मी दुसऱ्या पानापासून सुरू करतो.

आजच का, तर टेन्शन आता डोक्यात मावेना.

मी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आपल्या मराठी मंडळींनी काढलेल्या प्राथमिक शाळेचा अध्यक्ष आहे. कार्यकारिणीत आम्ही पाच जण. माधवराव गणिताचे निवृत्त मास्तर, उषाताई त्यांच्या पत्नी, सदाशिवराव वकील आणि लीलाताई डॉक्टर. चौघंही शिकलेले, त्यामुळे कोणी एक अध्यक्ष झालेला बाकीच्या तिघांना खपत नाही. म्हणून खासगी बाजारात जन्मभर तराजू दुरुस्त केलेला मी. अकरा वर्षं झाली. काम एकच, सही करायची. कोणी काही विचारलं की मी मान हलवतो. आजवर निभावलं.

आज नव्या मुख्याध्यापिका सीमंतिनीबाई म्हणाल्या, "नाना, यंदा विषयांचे वेगवेगळे तास बंद करायचे. हिंदी निराळी, गणित निराळं, परिसर निराळा असं नको. महिनाभर एक मोठी थीम घ्यायची आणि सगळं तिच्यातूनच शिकवायचं." मी मान हलवली. घरी येऊन वनमालेला विचारलं, थीम म्हणजे काय.

"अहो, शेजारच्या निधीच्या हळदीला सगळे पिवळं नेसून आले होते ना? ती थीम."

सबंध शाळा महिनाभर पिवळी? जेवण गेलं नाही. दोन पोळ्यांवर उठलो.

११ जुलै, गुरुवार

पिवळं नाही. जुलैची थीम 'घर' आहे, ऑगस्टची 'अन्न', सप्टेंबरची 'बाजार', पुढे 'प्रवास'. मला जरा हायसं वाटलं, पण दहाच मिनिटं, कारण त्यानंतर कळलं की मापं घ्यायला मुलं आमच्याच घरी येणार आहेत. शाळेपासून जवळ आणि अध्यक्षांचं, म्हणून.

शाळेतली सेहेचाळीसच्या सेहेचाळीस आली. दारं मोजली, पायऱ्या मोजल्या, खिडकीतून ऊन कुठपर्यंत येतं तिथं खडूनं रेघ मारली. वनमाला पोळपाट घेऊन उभी होती, तर दोघींनी पोळपाटाचा घेर सुतळीनं मोजला. तिसरीतली प्रांजली मलाच भिंतीला उभं करून म्हणाली, "नाना पाँच फुट दो इंच. और दरवाज़ा छह फुट." मग जरा विचार करून, "मतलब नानांना अजून वाढायला जागा आहे."

वनमाला तासभर हसत होती. मला मात्र घोर लागला आहे. हे शिक्षण आहे का? आणि भिंतीवरची रेघ पुसायची की ठेवायची?

१९ जुलै, शुक्रवार

बैठक झाली. माधवराव तापले होते.

"अध्यक्ष महाशय, मला एवढंच सांगा, सतराचा पाढा कुठल्या थीममध्ये येतो?"

मी मान हलवली. यावर कशी हलवायची ते कळेना, म्हणून आडवी आणि उभी अशी दोन्ही हलवली.

उषाताई म्हणाल्या, "चाळीस वर्षं घरात पाढेच ऐकतेय. मुलांची तरी सुटका होऊ दे." सदाशिवराव म्हणाले की हे नियमात बसतं का ते पाहावं लागेल. लीलाताईंना सगळं पसंत आहे. म्हणजे दोन विरुद्ध दोन, तेही नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. ठरलं असं की २१ ऑगस्टला कार्यकारिणी मुलांचं काम प्रत्यक्ष पाहील आणि मत घेईल. बरोबरी झाली तर निर्णय अध्यक्षांच्या मतावर.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

बाहेर आल्यावर सीमंतिनीबाईंनी मला बाजूला घेतलं. इंदूरच्या एका मोठ्या शाळेनं त्यांना बोलावलं आहे. चोवीस ऑगस्टपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. "इथं जुन्या तासांवरच परत यायचं असेल, तर नाना, मी तिकडेच जाईन. खोटं कशाला बोलू?"

म्हणजे बाई राहणार की जाणार, ते माझ्या एका हातावर. ज्या हातानं मी आजवर फक्त सह्या केल्या त्या हातावर!

२ ऑगस्ट, शुक्रवार

मत द्यायचं तर नीट पाहणी हवी, म्हणून आता मी रोज सकाळी शाळेत जाऊन बसतो. फक्त पाहणीसाठी. सकाळी आठ वाजता घंटा होते, मी पावणेआठला पोचतो.

'अन्न' सुरू झालं. काल बाईंनी पोळी आणली आणि तिचे दोन भाग केले, मग चार, मग आठ. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खालचा आकडा मोठा झाला की तुकडा लहान का होतो. मी इतक्या मोठ्यानं "अरेच्चा!" म्हणालो की सगळा वर्ग मागे वळला. मग त्याच पोळीवर हिंदीत चार ओळी लिहायच्या होत्या, आणि गहू मध्य प्रदेशात कुठे कुठे होतो ते नकाशात रंगवायचं होतं. मीही रंगवलं. पाहणीसाठी.

बाई फार सभ्य आहेत. कुठलाही कागद आला की म्हणतात, "नाना, चष्मा आणला नसेल ना? मीच वाचते." चष्मा माझ्या नाकावरच असतो. बिचारीची नजर कमजोर असावी. लीलाताईंना दाखवायला सांगायला हवं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. आज प्रयोग सुरू झाला. सेहेचाळीस कुल्हड, म्हणजे चहाचे मातीचे पेले, प्रत्येकात माती आणि चिमूटभर गहू, प्रत्येकावर मुलाचं नाव. अर्धे खिडकीत उन्हाला, अर्धे वर्गातल्या अंधाऱ्या कपाटात. रोज पट्टीनं मोजायचं आणि पाहायचं की अंधारात काय होतं. २१ तारखेला कार्यकारिणीला हेच दाखवायचं. सगळी भिस्त या कुल्हडांवर.

दौलतसिंह आमचा शिपाई, बुंदेलखंडाकडचा, मिशा आणि मन दोन्ही मोठं. तो मुलांना माती कालवून देत होता आणि आज फारच खूष दिसला. "बहुत अच्छा किया मैडम, बच्चों को अपनी रीत आनी चाहिए." बाईही हसल्या. शाळेचा माणूस प्रयोगात रस घेतो हे पाहून मला बरं वाटलं.

घरी येऊन मीही एका वाटीत गहू पेरला. वाटी देव्हाऱ्यातली निघाली. यावर आणखी लिहीत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

अंकुर आले! खिडकीतले हिरवे, आखूड आणि ताठ. कपाटातले पिवळे आणि लांबच लांब, उजेड शोधत वाकडे झालेले. पहिलीतला ध्रुव कपाट उघडू देईना. "धीरे! सो रहे हैं!"

प्रांजलीनं विचारलं, "नाना, लंबा हो गया, तो भारी भी हो गया क्या?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या वर्गानं पाहिलं. आणि वही, मला उत्तर कसं काढायचं ते येत होतं! मी जवळजवळ धावत घरी गेलो आणि सोनाराचा जुना नाजूक काटा घेऊन आलो. एका पारड्यात दहा पिवळे अंकुर, दुसऱ्यात दहा हिरवे. पिवळे लांब असून हलके निघाले. मग काटा आधी स्थिर का करायचा, त्याला वारा का लागू द्यायचा नाही, हे मी सांगत सुटलो. अर्धा तास बोललो. मध्ये कोणी उठलं नाही, बाई तर वहीत लिहून घेत होत्या.

घरी परतताना फूलबागेच्या बाजूनं लांबचा फेरा मारला. उगाचच. पाय जमिनीवर टिकत नव्हते.

संध्याकाळी माधवराव आले. मला वाटलं, चहाला. "नाना, मतदानाच्या दिवशी शहाणपणानं वागा. मुलं गवत वाढवतात आणि आपण टाळ्या वाजवायच्या?" मी म्हणालो, "गवत नाही, गहू आहे." अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उलट बोललो. मग इतका घाबरलो की त्यांना चहाऐवजी नुसतं गरम पाणी दिलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

शाळा सुटल्यावर कोणी नाही असं पाहून मी कपाटासमोर गुडघ्यांवर बसलो. पिवळे अंकुर मंगळवारपेक्षा किती जड झाले ते बघायचं होतं. बाईंना विचारायला संकोच वाटला. अध्यक्षानं असं जमिनीवर बसून कुल्हडात नाक घालणं बरं दिसत नाही.

तेवढ्यात दौलतसिंह मागे येऊन उभा. मी काटा झटकन पोटाशी लपवला.

"अध्यक्ष साब, एकदम तैयार हो गईं. मंगल को बँटवा दें न?"

काय वाटायचं म्हणत होता कोण जाणे, बहुधा राखीची मिठाई असेल. मला एवढंच हवं होतं की त्यानं जावं. मी म्हटलं, "हाँ हाँ, बँटवा दो, सबको बँटवा दो," आणि जोरात मान हलवली. तो इतका आनंदला की माझ्या पाया पडून गेला. मिठाईची माणसाला किती हौस असते!

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. शाळेला सुट्टी. वाटीतला माझा गहू चार बोटं झाला आहे. वनमालेनं देवासाठी नवी वाटी काढली, बोलली मात्र भरपूर.

परवा मतदान.

२० ऑगस्ट, मंगळवार

मी शाळा बुडवली. मी एकट्यानं.

आज भुजरिया. इकडची रीत सगळ्या ग्वाल्हेरला ठाऊक आहे. राखीच्या दुसऱ्या दिवशी अंधारात वाढवलेले गव्हाचे अंकुर उपटायचे, घरोघर जाऊन थोरांच्या हातात द्यायचे, त्यांनी ते कानावर खोचायचे, लहानांनी आशीर्वाद घ्यायचा आणि जुनी भांडणं मिटवायची. सत्तर वर्षं मी हे पाहतोय. आणि तरी दौलतसिंह कपाटाकडे बोट दाखवून "तैयार हो गईं" म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! नागपंचमीला पेरलेला आणि कपाटात ठेवलेला गहू. त्याला दुसरं काय वाटणार होतं?

आज माझ्या गुडघ्यानं दगा दिला म्हणून मी साडेबाराला पोचलो. सेहेचाळीस कुल्हड रिकामे. बाई सकाळी शिक्षण कार्यालयात गेल्या होत्या, त्याही तेव्हाच परतल्या. दौलतसिंह छाती काढून उभा.

"सब बँट गया मैडम! अध्यक्ष साब का हुकुम था. बच्चे पूरे मोहल्ले में दे आए. खिड़की वाली हरी थीं, असल में चलती नहीं, पर बच्चों का दिल कौन तोड़े."

बाईंनी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पायरीवर बसल्या आणि ओढणी तोंडाला लावली. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. पोर एवढी रडली आणि मला "रडू नका" म्हणायचंही धैर्य झालं नाही.

मग त्यांनी सगळ्या मुलांना परत बोलावलं आणि सांगितलं, उद्या प्रत्येकानं लिहून आणायचं: किती जणांना दिलं, ते कुठं राहतात, आणि ते काय म्हणाले. एवढी मोठी शिक्षा लहान जिवांना, आणि तीही माझ्या चुकीपायी!

घरी आलो तर दारात नऊ मुलं माझी वाट पाहत होती. मी दोन्ही कानांवर अंकुर खोचून घेतले आणि सगळ्यांना आशीर्वाद दिले.

२१ ऑगस्ट, बुधवार

पेन थांबत नाही, पण क्रमानं लिहितो.

चार वाजता कार्यकारिणी बसली. फळ्यावर मुलांनी सकाळपासून बसून जयेंद्रगंजचा नकाशा काढला होता आणि जिथं जिथं भुजरिया दिली तिथं ठिपका. पिवळा अंकुर तर पिवळा ठिपका, हिरवा तर हिरवा. एकेक मूल उठून सांगू लागलं.

"दादी ने पूछा, ये हरी क्यों है? हमने बताया, ये धूप में थी. पौधा धूप से हरा होता है. दादी बोलीं, हमें सत्तर साल में किसी ने नहीं बताया."

"दुकानवाले अंकल आणि त्यांचे भाऊ बोलत नव्हते. मी दोघांना एकाच मुठीतली दिली."

"डॉक्टर लीलाताई म्हणाल्या, बी.पी. कमी हुआ."

सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसला. नियमाचं पुस्तक त्यांनी उघडलंच नाही, पण विरोध सोडला असंही म्हणाले नाहीत.

माधवरावांनी विचारलं, "एकूण किती जुड्या वाटल्या?"

"एकशे एकतीस," प्रांजली म्हणाली.

"चूक. सेहेचाळीस मुलं, तीन-तीन जुड्या. सेहेचाळीस त्रिक एकशे अडतीस."

"सर, सबने तीन नहीं दीं. सात बच्चों ने दो ही दीं. उनमें ध्रुव भी है, उसने एक खा ली."

माधवरावांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. मग म्हणाले, "तुमच्या गल्लीतल्या मुलांच्या किती?"

"आमच्या गल्लीतली सतरा मुलं, तीन-तीन. सतरा त्रिक एक्कावन्न."

माधवराव उठले, प्रांजलीच्या हातातला खडू घेतला आणि नकाशाशेजारी हिशेब मांडू लागले: दर घरी सरासरी किती, हिरव्या किती, पिवळ्या किती. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. वीस मिनिटं त्यांना कोणी खाली बसवू शकलं नाही. उषाताई माझ्या कानात म्हणाल्या, "काल चौदा मुलं आमच्याकडे आली. यांनी सगळ्या जुड्या पितळी तांब्यात पाण्यात ठेवल्यात. सकाळी उठून आधी पाणी बदललं, मग चहा."

मग मुलांना बाहेर पाठवलं. बाईंनी पर्स उचलली, कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नाना, मला इंदूरची गाडी गाठायचीय. दोन दिवसांची रजा टाकलीय. येते हं." निकालासाठी थांबल्याही नाहीत.

मतं. लीलाताई आणि उषाताई बाजूनं. सदाशिवराव विरुद्ध. माधवराव, हातांना खडू तसाच, म्हणाले, "विरुद्ध. सतराचा पाढा त्रिकापर्यंतच आला. पुढचा कुठाय?" उषाताईंनी कपाळाला हात लावला.

दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी उभा राहिलो. म्हणालो, "आधी दोन गोष्टी सांगतो. कुल्हड माझ्यामुळे रिकामे झाले. दौलतसिंहानं विचारलं आणि मी न समजता मान हलवली. आणि दुसरी, मी अकरा वर्षं न समजताच मान हलवतोय. मी सहावीतून शाळा सोडली. वडिलांना दुकानात माणूस हवा होता. अध्यक्षाला हे शोभत नाही. पाहिजे तर मला काढा."

मग लीलाताई म्हणाल्या, "नाना, हे सगळ्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," सदाशिवराव म्हणाले. "तुम्ही माझा अहवाल उलटा धरून वाचला होता."

म्हणजे अकरा वर्षं मी रोज धडधडत्या छातीनं एक गुपित सांभाळलं आणि ते आमच्या सबंध लष्कर भागाला ठाऊक! मला इतका राग आला की त्या रागाच्या भरातच हात वर केला. दोन्ही हात केले. खिडकीबाहेर मुलं चिकटली होती, त्यांनी असा ओरडा केला की दौलतसिंह चोर आला समजून लाठी घेऊन धावत आला.

तीन विरुद्ध दोन. थीम राहिली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बाईंचा फोन लागत नाही. काल सात वेळा केला, आज सकाळपासून अकरा वेळा. त्यांना निकालच माहीत नाही! परवा चोवीस तारीख. इंदूरकरांना हो म्हणून मोकळ्या झाल्या तर? वनमाला म्हणते, "अहो, येते म्हणाल्या ना?" येते तर सगळेच म्हणतात. आपल्यात जाते असं कोण म्हणतं? आमचे मामा येतो म्हणून नागपूरला गेले ते तिथंच स्थायिक झाले.

आणि किल्ली का दिली? राहणारा माणूस किल्ली देतो का?

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज कपाट उघडलं. वरच्या खणात बाईंच्या अक्षरात सप्टेंबरचं वेळापत्रक. थीम 'बाजार'. मंगळवार: नाना, तराजू आणि वजनं. गुरुवार: नाना, खासगी बाजाराची फेरी. शनिवार: पुन्हा नाना. माझं नाव सहा ठिकाणी! मला दरदरून घाम फुटला. म्हणजे गेल्याच, आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात घालून गेल्या.

वनमालेनं कागद हिसकावून वाचला आणि हसून हसून तिला ठसका लागला. "खाली काय लिहिलंय ते वाचा. 'नाना बोलतील, फळ्यावर मी लिहीन.' जाणारी बाई असं लिहील का हो? आणि दोन दिवसांची रजा टाकून कोणी कायमचं जातं का?" पण तारीख पाहा म्हटलं, चौदा ऑगस्ट आहे. मतदानाच्या आधीचं. तेव्हाचं मन आणि आताचं मन यात काय भरवसा? ती कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.

फोन लागत नाही, पण निरोप लिहून पाठवता येतो म्हणे. आधी इथं कच्चा लिहितो, मग वनमाला टाइप करील.

"सौ. सीमंतिनीबाईंना नानांचा आशीर्वाद. थीम मंजूर झाली, तीन विरुद्ध दोन. माधवराव विरोधात आहेत, पण काल आणि आज दोन्ही दिवस सकाळी शाळेत येऊन मुलांना सतराचा पाढा 'अन्न' थीममधून पुढे नेतो म्हणून बसले होते. सतरा सक्कंपर्यंत पोचलेत. मी सहावी नापास नाही, सहावी सोडलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सगळ्यांना होतं. अपूर्णांक आले, आता टक्केवारी राहिली आहे, ती 'बाजार'मध्ये येते असं मुलं म्हणतात. मंगळवारी तास घ्यायला मी तयार आहे. म्हणजे तयार नाही, फार घाबरलो आहे, पण काटा पुसून ठेवला आहे. इंदूरची शाळा मोठी असेल. आमच्याकडे फळा अर्धा तडकलेला आहे हे मान्य. तरी मुलं रोज विचारतात आणि मी रोज खोटं सांगतो की येणार आहेत. ते खरं की खोटं, हे उद्याची तारीख उलटायच्या आत एका ओळीत तरी लिहून पाठवा. एक शब्द पाठवलात तरी चालेल. फक्त लौकर पाठवा."